शिलोहच्या पायऱ्यांवर तहान

२०१९ च्या ऑक्टोबरात यरुशलेमला पोहोचलो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरली ती माती. आमच्या नगरकडच्या मे महिन्यातल्या मातीसारखी भुरभुरीत, डोंगर पिवळेधमक. मे ते सप्टेंबर इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. ज्यू लोकांचा सुक्कोथ सण येतो तो असा, कोरडा उन्हाळा संपता संपता.

आपल्या पवित्र शास्त्रात तो मांडवांचा सण. लहानपणी मला लग्नाचा मांडव दिसायचा, आणि फारसं चुकलंही नव्हतं. इथे गॅलरीगॅलरीत मांडव होते. भिंती कापडाच्या नाहीतर प्लायवुडच्या, वर खजुराच्या झावळ्या. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री फटीतून तारे दिसावेत. अरण्यातली चाळीस वर्षं आठवायची म्हणून सात दिवस पक्कं छप्पर सोडायचं. शुभवर्तमानात योहान येशूविषयी लिहितो, शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. त्या ‘वस्ती’साठी मूळ ग्रीक क्रियापद राहुटी ठोकण्याचं आहे. त्या गॅलऱ्यांखालून चालताना ते वचन मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

बाजारात एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून महाळुंग पारखत होते. हो, आपलंच महाळुंग. सालीवर डाग नको, टोक मोडलेलं नको. वीसेक फळं परत ठेवली, मग एक कापसात गुंडाळून लेकराला धरावं तसं धरलं. खजुराचा कोंब, मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी आणि वाळुंज यांच्याबरोबर ते हाती घेऊन प्रार्थना करायची.

दुसऱ्या दिवशी हिज्कीया राजाच्या नावाच्या प्राचीन बोगद्यात उतरलो. ५३३ मीटर लांब, अंधार, दोन्ही खांदे खडकाला घासतात, गार पाणी गुडघ्यापर्यंत. गीहोन झऱ्याचं हे पाणी शिलोहच्या तळ्याकडे जातं. बाहेर आलं की थोड्याच अंतरावर येशूच्या काळातल्या तळ्याच्या रुंद दगडी पायऱ्या. २००४ साली सांडपाण्याच्या वाहिनीचं काम करताना सापडलेल्या. ओले पाय घेऊन मी तिथे बसलो आणि योहानाचा सातवा अध्याय उघडला.

मंदिर उभं होतं तेव्हा या सणात रोज सकाळी याजक इथून सोन्याच्या झारीत पाणी भरून नेत आणि वेदीवर ओतत. पुढच्या पावसासाठीचं मागणं त्यात होतं. त्याच सणाच्या शेवटल्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणाला, “कोणी तान्हेला असला तर त्याने माझ्याकडे यावे व प्यावे.” हे वाक्य मी शेकडो उपासनांत ऐकलंय, आणि दर वेळी थेट आत्म्याच्या तहानेवर उडी मारलीय. ऐकणाऱ्यांचे हौद तळाला गेले असतील, त्यांचे डोळे आभाळाकडे असतील, हे कधी मनात आलंच नाही. मी टँकरमागे हंडा घेऊन पळालेला माणूस, तरीही नाही.

आपल्याला शिकवलं जातं की हे सण म्हणजे छाया, ख्रिस्त आला, विषय संपला. या सणांचे नियम सांगणारा लेवीयचा तेविसावा अध्याय आपण भराभर उलटतो. उलट काही मंडळ्या आता स्वतःच मांडव घालून झावळ्या हलवू लागल्यात. मला दोन्ही पटत नाही. हा सण ज्यांचा आहे ते आजही तो जिवाभावाने पाळतात. आपण त्यांच्या दाराशी बसून ऐकावं. त्याशिवाय आपलं शुभवर्तमान आपल्याला अर्धंच ऐकू येतं.

सातव्या दिवशी पहाटे पश्चिम भिंतीपाशी लोक वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटत होते. फरशीवर पानांचा सडा. पुन्हा पुन्हा एकच हाक, “होशाना”, आता तार. झावळ्यांच्या रविवारी आपण जे ‘होसान्ना’ गातो, ते हेच. मी त्याला आजवर जयजयकार समजत होतो. ती आर्जवाची हाक होती.

दुपारी रामल्याला एका बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातून गेलेल्या ज्यू, कुटुंबात जेवायला बोलावलं होतं. मांडवात आजी मराठीत बोलत होत्या, कोकणातल्या. त्यांच्या लहानपणी नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’ आणि योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. माझ्या पानात भात वाढताना म्हणाल्या, “उद्या आमच्याकडे पावसाची प्रार्थना. तुमच्याकडे झाला का रे यंदा?”

“मेमध्ये टँकर होते, आजी. मग झाला.”

“देवाची कृपा,” त्या म्हणाल्या, आणि झावळ्यांच्या फटीतून वर बघितलं.