नाटकाचा निर्माता व्हायचंय, तेही खान्देशात राहून?

जळगाव-धुळ्याकडची नाटकवाली पोरं भेटली की हमखास विचारतात, "भाऊ, नाटक करीसन पोट भरस का?" आणि सोबत सामाजिक पण काहीतरी करायचंय म्हणतात. माझं उत्तर हो आहे, फक्त त्यासाठी कोणीतरी निर्माता व्हायला पाहिजे आणि निर्माता म्हणजे खिशात पैसे असलेला माणूस हा समज आधी सोडायला पाहिजे.

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा आली की सगळे जागे होतात, रात्र-रात्र तालमी, एक प्रयोग, निकाल, मग सेट कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये पडून. ते नाटक पुढे कोणासमोर न्यायचं, त्याचे पैसे कोण देणार, हा विचार करणारं टीममध्ये कोणीच नसतं. निर्मात्याचं खरं काम तेच.

सध्या मी सिकलसेल या आई-बापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारावरच्या नाटकात बुडालोय म्हणून त्याचंच सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा आजार खूप आहे. आई-बाप दोघं वाहक, म्हणजे आजाराचं जनुक अंगात असलेले, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, आणि वाहक माणूस एकदम ठणठणीत दिसतो त्यामुळे त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. केंद्राचं सिकलसेल मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचं टार्गेट आहे, तपासणी चालू आहे, निकाल लिहिलेली कार्डं वाटतायत. पण लग्न जुळवताना ते कार्ड बाहेर काढायचं कसं, आणि वाहक लिहिलंय म्हणून पोरीचं लग्नच मोडलं तर काय, हे पोस्टरवर मावत नाही. नाटकात पोरगी, तिचा मामा, गावचे जाणते सगळे समोर उभे राहतात, आणि वाहक पोरीने वाहक नसलेल्या पोराशी लग्न केलं तर मुलांना हा आजार होत नाही हे भाषण न ठोकता कळतं.

आता यात निर्माता काय करतो? तर सगळ्यात आधी भाषा. तिथे आपली अहिराणी चालत नाही, पावरी-भिली बोलणारे कलाकार त्याच गावांतून घ्यायचे, सोंगाड्या पार्टीतली (तिथल्या आदिवासी लोकनाट्याची मंडळं) माणसं तर गर्दी कशी धरून ठेवायची हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात. मग कॅलेंडर. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा प्रयोग लावून उपयोग नाही, होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे आदिवासींच्या सणाच्या बाजाराला, माणसं परत येतात ते दिवस धरायचे. आशाताईंना आधी भेटायचं, आणि आरोग्य खात्याची टीम त्याच जागी, त्याच वेळी हजर पाहिजे, कारण नाटक बघून मनात जे उठलेलं असतं ते सकाळपर्यंत टिकत नाही. रिपोर्ट मात्र ज्याचा त्यालाच, चारचौघांत कधीच नाही, याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

पैशाचं म्हणाल तर कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर, खर्च करावे लागतात (सगळ्यांना नाही, ठरावीक आकाराच्या वरच्यांना), पण तो निधी घ्यायला संस्थेची आयकर खात्याकडे १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याकडे सीएसआर-१ अशी नोंदणी लागते आणि आधीच्या तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणून नवीन पोरांनी लगेच स्वतःची संस्था काढू नये, जुन्या चांगल्या संस्थेसोबत सुरुवात करावी. शहरात तिकीट लावून प्रयोग पण करावेत, ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाटकाचं खरं काय ते तोंडावर सांगतो.

बजेटची पहिली ओळ कलाकारांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. "सामाजिक काम आहे ना, मग मानधन कशाला" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या दिवशी त्या पोराची मजुरी बुडालेली असते आणि घरी चूल पेटायचीच असते. फंड देणारे विचारतात किती लोकांनी पाहिलं, मी सोबत दुसरे आकडे पण देतो, तपासणीला किती जण आले आणि रिपोर्ट घ्यायला किती परत आले. रिपोर्ट घ्यायला आलेल्यांचा आकडा नेहमी कमी असतो, आणि पुढच्या गावात काय बदलायचं ते त्यावरूनच ठरतं.

यंदा शहादा-तळोदा भागासाठी आम्हाला प्रॉडक्शन मॅनेजर पाहिजे. हिशोब नीट लिहिता यावा, पावरी किंवा भिली यावी, अभिनय नाही आला तरी चालेल. पगार दर महिन्याला वेळेवर.