मशीनच्या पोटात काय असतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मॅडम. ‘प्रिंटरमध्ये चोरण्यासारखं असतं तरी काय हो? शाई?’ असं म्हणून तुम्ही हसलात. मीही हसलो, कारण हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतोच. फोर्टातल्या वकिलाकडे, अंधेरीला एमआयडीसीत, परळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मी मशीनपुढे उकिडवा बसलेलो असतो, हात टोनरने, म्हणजे शाईच्या भुकटीने, काळे झालेले असतात आणि वरून कुणीतरी चहा पीत विचारतं. त्या वेळी नीट उत्तर देता येत नाही. ज्या नळकांड्यावर छाप उमटते तो ड्रम बाहेर काढलेला असतो, त्याला फार वेळ उजेड लागलेला चालत नाही. म्हणून घरी आल्यावर लिहायला बसलो.

गेली 24 वर्षं मी ऑफिसांना झेरॉक्स मशिनं भाड्याने देतो आणि ती चालती ठेवतो. (कंपनी कुठलीही असो, मुंबईत ते झेरॉक्सच.) मी हाताखाली शिकलो ती मशिनं म्हणजे निव्वळ आरसे होते. कागदावर दिवा फिरायचा, उजेड आरशांतून वळत ड्रमवर उतरायचा, तिथे टोनर चिकटायचा आणि कागदावर भाजून निघायचा. दिवा विझला की मशीन सगळं विसरलेलं. डिजिटल मशिनं आली तसं हे बदललं. आता काचेवर ठेवलेला कागद आधी स्कॅन होतो, त्याची फाइल बनते, ऑफिसातल्या मोठ्या मशिनांत ती आतल्या हार्ड डिस्कवर जाऊन बसते आणि मग छापली जाते. बाहेरून पेटी तीच. आत मात्र प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड, सगळा संसार. तुमच्या ऑफिसात तो एक जास्तीचा कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्यासमोर खुर्ची नाही म्हणून तो कॉम्प्युटर आहे असं कुणाला वाटत नाही.

मलाही वाटत नव्हतं. ते कसं कळलं ते सांगतो, यात फुशारकी काही नाही. फोर्टातल्या एका सीएंच्या ऑफिसातून तीन वर्षांचं भाडं संपून मशीन परत आलं. मी काच पुसली, ड्रम बदलला, रोलर साफ केले, बाहेरून पॉलिश मारलं आणि ठाण्याच्या एका क्लासला ते लावून आलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या मुलाचा फोन. “काका, तुमच्या मशीनमध्ये कुणाची तरी इन्कम टॅक्सची कागदपत्रं आहेत.” लोकल पकडून गेलो. त्या पोराने काही हॅकिंगबिकिंग केलं नव्हतं. पॅनेलवर ‘बॉक्स’ नावाचं बटण होतं, ते काय म्हणून त्याने दाबलं. आत दीडशेच्या वर फाइली. पुन्हा पुन्हा लागतात म्हणून सीएंच्या माणसांनी सेव्ह केलेल्या. फॉर्म सोळा, पॅन कार्डं, भागीदारीचे करारनामे, एका बाईंच्या दागिन्यांचं व्हॅल्युएशन. पोरगं प्रामाणिक होतं. त्याने एकच पान छापलं होतं आणि तेही उलटं करून टेबलावर ठेवलं होतं.

मी तिथेच उभ्या उभ्या सगळं डिलीट केलं आणि सुटकेचा श्वास सोडला. तोही चुकीचाच. डिलीट केल्यावर फाइल जात नाही, यादीतलं तिचं नाव जातं. सोसायटीच्या बोर्डावरून नाव पुसलं तरी माणूस चौथ्या मजल्यावर राहतोच आहे, तसं. त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली आणि फाइली परत आणायचं साधं सॉफ्टवेअर चालवलं, की बऱ्याच गोष्टी उठून बसतात. म्हणून पुसायचं तर त्यावर निरर्थक आकडे लिहून पुसावं लागतं. ती सोय मशीनमध्ये असते, डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायचीही असते. पूर्वी बऱ्याच मशिनांवर त्याचे वेगळे पैसे पडत, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही ते कधी भरले नाहीत. आताच्या मशिनांत सोय आलेलीच असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे ना हे कुणी बघत नाही.

सीएंना सांगायला मला आठ दिवस लागले. धीर होत नव्हता. गोदरेजच्या कपाटाला दोन कुलपं लावणारा तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. “डिस्क? झेरॉक्सला?”

हे ठाण्यापुरतंच घडलं असं समजू नका. अमेरिकेत 2010 साली सीबीएस या वृत्तवाहिनीच्या वार्ताहरांनी न्यू जर्सीच्या एका गोदामातून चार वापरलेली कॉपियर मशिनं विकत घेतली आणि डिस्का काढून बघितल्या. एकात बफेलो शहराच्या पोलिसांचे कागद निघाले. दुसरं मशीन न्यूयॉर्कच्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा कंपनीने भाड्याने वापरून परत केलेलं होतं. त्यात लोकांच्या आजारपणाची पानंच्या पानं. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची माहिती उघडी पडली असावी असा हिशोब निघाला आणि 2013 मध्ये कंपनीने 12,15,780 डॉलर भरून प्रकरण मिटवलं. चोरी कुणी केलीच नव्हती. मशीन परत करताना पुसलं नाही, एवढंच.

तरी घाबरून टेबलावरचा छोटा प्रिंटर फेकून देऊ नका. त्यात सहसा डिस्क नसते. छापायची फाइल मेमरीत येते आणि बंद केला की जाते. वायफायचा पासवर्ड तेवढा त्याच्या लक्षात राहतो, म्हणून भंगारात देताना फॅक्टरी रिसेट मारला की झालं. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड पाठवून प्रिंट काढता, तिथे प्रिंटरपेक्षा त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमधलं डाउनलोडचं फोल्डर एकदा डोळ्यांखालून घाला. अख्खा वॉर्ड सापडेल.

पण खरी भानगड डिस्कपेक्षा पासवर्डची आहे. तुमच्या मशीनवर कागद ठेवून बटण दाबलं की स्कॅन मेलवर जातं. म्हणजे त्या मशीनला तुमच्या एका मेल आयडीचा पासवर्ड ठाऊक आहे. स्कॅन फोल्डरमध्ये जात असेल तर सर्व्हरचाही ठाऊक आहे. नवीन मशीन लावताना फोल्डरला परवानगी मिळेना, की तुमच्याकडचा आयटीवाला वैतागून स्वतःचा, सगळं उघडणारा अॅडमिन पासवर्ड टाकून मोकळा होतो. चालतंय ना, मग झालं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मोजणं सोडलं.

आता बघा. मशीनला स्वतःचं एक वेबपेज असतं. ऑफिसच्या वायफायवर बसून ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला की ते उघडतं. फॅक्टरीतून आलेला पासवर्ड तसाच असेल तर तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं. आत शिरलेला माणूस पासवर्ड वाचू शकत नाही, तिथे ठिपके दिसतात. पण तो सर्व्हरचा पत्ता बदलून तिथे स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता टाकतो आणि ‘टेस्ट’ दाबतो. मशीन बिचारं आज्ञाधारक. नव्या पत्त्यावर जातं आणि ओळख म्हणून तो पासवर्ड त्याच्या हातात देऊन येतं. पुढे तो माणूस मशीनकडे ढुंकून बघत नाही, थेट सर्व्हरवर जातो.

आणि यात माझा वाटा सांगतो. माझ्याकडे साठेक मशिनं आणि तीन पोरं. मीटर रीडिंग घ्यायला, अॅड्रेस बुकात नाव घालायला गेलेल्या पोराला दर वेळी मला फोन करायला नको, म्हणून सगळ्या मशिनांना एकच चार आकडी पिन ठेवला होता. साठ घरं आणि एक किल्ली. काम सोडून गेलेली पोरंही ती सोबत घेऊन गेली. कुणी काही केलं नाही ही त्यांची सज्जनता, माझी हुशारी नव्हे.

कंपन्यांकडूनही असल्या चुका होतात. जून 2025 मध्ये रॅपिड7 या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने दाखवून दिलं, की ब्रदर या प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या शेकडो मॉडेलांमध्ये फॅक्टरीचा पासवर्ड मशीनच्या सीरियल नंबरवरूनच तयार केलेला असतो. नंबर कळला की पासवर्ड काढता येतो, आणि नंबर नेटवर्कवरूनही मिळवता येतो. विकल्या गेलेल्या मशिनांत नवीन फर्मवेअर, म्हणजे मशीनचं आतलं सॉफ्टवेअर, टाकूनही हे पूर्णपणे सुधारत नाही. उपाय एकच, फॅक्टरीचा पासवर्ड बदलणं. दोन मिनिटांचं काम.

‘मशीन परवापासून नीट छापत नाही’ या तक्रारीवर मी हल्ली दोन प्रश्न जास्त विचारतो, त्याचंही कारण आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत पैशांच्या व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडलेला दिसला. नेहमीची कटकट म्हणून माणसांनी सोडून दिलं. तो बँकेच्या कॉम्प्युटरांत शिरलेल्या चोरांनी गप्प केलेला होता. त्यांनी सुमारे 95 कोटी डॉलर उचलायचा घाट घातला होता, त्यातले 8 कोटी 10 लाख फिलिपिन्सला पोचले. प्रिंटर बिघडला तर जगात कुठेच कुणाला नवल वाटत नाही.

एवढं सगळं सांगून खरं सांगू का? मी डोळ्यांनी पाहिलेली बहुतेक गळती ट्रेमधून झाली. एचआरच्या बाई पगारवाढीची पत्रं पाठवतात, उठणार तेवढ्यात फोन येतो. दहा मिनिटं पत्रं ट्रेमध्ये आणि अर्ध्या मजल्याला तेव्हाच नेमकी झेरॉक्स काढायची असते. यावर पिन प्रिंट आहे: तुम्ही मशीनपाशी जाऊन पिन दाबाल तेव्हाच कागद बाहेर येतो. लोक चार दिवस कुरकुरतात. पाचव्या दिवसापासून ट्रेमध्ये बेवारस कागद पडणं बंद होतं, टोनरही वाचतो. माझं भाडं दर कॉपीवर असल्यामुळे माझं नुकसानच, पण ते असो.

जाम झालेले कागद हा तर माझ्या धंद्याचा गुपितसाठा. रोलरमधून चुरगळलेलं पान ओढताना नजर जातेच. कुणाचा राजीनामा, कुणाचा रिपोर्ट, कुणाला काढणार त्यांची यादी. एका ठिकाणी ज्याचं नाव यादीत होतं तोच मला बॅटरी धरून उजेड दाखवत होता. पूर्वी मी तो बोळा बाजूच्या टोपलीत टाकायचो. ती टोपली संध्याकाळी रद्दीत जाते, आणि मुंबईची रद्दी कुठे जाते ते भेळेच्या पुडीवर वाचावं. आता ओढलेला कागद ज्याचा त्याच्या हातात देतो.

हे सगळं कुणी बघायचं? आयटी म्हणतं, ते अॅडमिनकडे, म्हणजे ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या तुमच्या खात्याकडे. तुम्ही म्हणता, मशीन तर तुमचं, भाड्याचं. मी म्हणत आलो, माहिती तुमची. भाड्याच्या खोलीला रंग कोण काढतो, तसलंच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंड लिहिलाय आणि तो माझ्या पोरांना नव्हे, लोकांची माहिती बाळगणाऱ्या तुमच्या कंपनीला आहे, एवढं तुमच्या साहेबांच्या कानावर घाला.

माझ्यापुरतं मी करारात एक कलम घातलंय. मशीन परत घेताना डिस्क गिऱ्हाइकासमोर काढायची. पुसून हवी तर समोर पुसतो, नको असेल तर डिस्कचे पैसे घेऊन ती त्यांनाच देतो. फोर्टातले ते सीए नेहमी ठेवूनच घेतात. कागदात गुंडाळून, वर तारीख आणि माझी सही घेऊन, त्या दोन कुलपांच्या कपाटात. गेल्या वर्षी तिसरी गेली.

तर मी गुरुवारी येतो, मॅडम. मेलसाठी फक्त स्कॅनपुरता वेगळा आयडी काढून ठेवायला तुमच्या आयटीवाल्याला सांगा, आणि प्रिंटर पाहुण्यांच्या वायफायवरून दिसत नाही ना तेही त्याला तपासू दे. नको ती दारं, टेलनेट, एफटीपी वगैरे, मी बंद करून देईन. मशीनचा नवा पासवर्ड मात्र तुम्ही टाकायचा. मी तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून उभा राहतो.