अॅम्बॅसिडरच्या इंजिनावर दोन एसयू : पुण्यात घडवलेली १९३२ ची हॉट रॉड

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी हलकी करून इंजिन खुलवलेली जुनी गाडी, म्हटले की डोळ्यांसमोर येते ती १९३२ ची फोर्ड रोडस्टर : मडगार्ड काढलेले, बॉनेटच्या बाजूचे पत्रे उतरवून इंजिन उघडे ठेवलेले, आणि त्या इंजिनावर ओळीने बसवलेले दोन किंवा तीन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारे यंत्र). फोर्डने त्याच वर्षी २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या ऐपतीतल्या गाडीत आणले आणि पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्याच गाड्या हलक्या करून, इंजिने खुलवून, म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळावर वेगासाठी पळवल्या. ही गाडी पुण्यात नव्याने घडवायचे ठरवले तेव्हा अनेकांनी अमेरिकेहून व्ही-८ इंजिन आणि स्ट्रॉम्बर्ग मागवण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. त्या मुलांनी आपल्या गावच्या भंगारात जे मिळाले ते वापरले होते, आणि व्ही-८ हाताशी येण्याआधी तर फोर्ड मॉडेल ए चे साधे चार सिलिंडरचे इंजिनच त्यांच्या हाती होते. आपल्या गावच्या भंगारात जे मिळते ते अॅम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन. म्हणून प्रतिकृती करायची ती त्यांच्या पद्धतीची, असे मी ठरवले.

हे इंजिन निवडण्यामागे भावनेपलीकडचे कारणही होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातले हेच १४८९ सीसीचे इंजिन १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स गाडीत आले, तेव्हा त्यावर दीड इंची दोन एसयू कार्ब्युरेटर होते आणि सुरुवातीला ते ६८ अश्वशक्ती देत असे, म्हणजे फोर्डच्या त्या पहिल्या व्ही-८ पेक्षा थोडी अधिकच. एकच सोलेक्स कार्ब्युरेटर लावून टॅक्सीत राबलेल्या इंजिनाच्या अंगी दुसराही एक स्वभाव आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

चासी आणि बॉडीबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ फोर्डचा व्हीलबेस १०६ इंचांचा. तेवढेच माप धरून भोसरीच्या एका गाळ्यात चौकोनी नळीची चासी जोडली, पुढे सरळ धुरा आणि त्यावर आडवा पाटा घेतला, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल अॅम्बॅसिडरचाच ठेवला. बॉडी फायबरची न करता लाकडी साच्यावर पत्रा ठोकून केली, कारण मागच्या कोपऱ्याची दुहेरी गोलाई हातोडीने उतरवणारे कारागीर पुण्यात अजून आहेत आणि ते काम त्यांच्याकडून करून घेण्यातच मला अर्थ वाटत होता. सुटे भाग नाना पेठेतून आणि जुन्या बाजारातून जमवले. १९८८ चा मोटार वाहन कायदा पाहता अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम नव्याने बांधलेल्या गाडीला लागू होत नाहीत, म्हणून ती टेम्पोवर चढवून दिवे घाटापलीकडे मित्राच्या शेतातल्या खासगी रस्त्यावर नेऊन चालवतो. खरे लिहायचे आहे ते कार्ब्युरेटरविषयी.

एसयू म्हणजे स्किनर युनियन. स्किनर कुटुंबाचा व्यवसाय पादत्राणांचा होता आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे वाचल्यापासून या यंत्राविषयी माझ्या मनात विशेष आपुलकी आहे. सोलेक्स किंवा स्ट्रॉम्बर्ग ९७ मध्ये हवेची वाट ठरावीक मापाची असते (९७ हे नावच तिच्या ०.९७ इंच व्यासावरून आलेले आहे) आणि निरनिराळ्या वेगांसाठी निरनिराळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, असतात. एसयूमध्ये एकच जेट असते. इंजिन जेवढी हवा ओढते तेवढा पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या तळाला बसवलेली निमुळती निडल जेटमधून तेवढीच वर येते आणि निडल व जेट यांच्यामधल्या कंकणाकृती फटीतून पेट्रोल जाते. म्हणजे मंद चालीपासून पूर्ण रेसपर्यंतचे मिश्रण त्या बोटभर लांबीच्या पितळी निडलच्या आकारात कोरलेले असते.

या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरना हवा आत घेण्यासाठी दोनच वाटा आहेत : एक पहिल्या-दुसऱ्याची, एक तिसऱ्या-चौथ्याची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे पुढच्या वाटेतून दोन नंबर आणि लगोलग एक नंबर श्वास घेतो, मग ती वाट रिकामी राहते, आणि तोवर मागच्या वाटेतून तीन आणि चार ओढतात. हे धक्के निवावेत म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी बॅलन्स पाइप असते. याच रचनेमुळे तीन स्ट्रॉम्बर्गवाल्या गाड्यांत दिसते तशी, आधी एक कार्ब्युरेटर उघडेल आणि मग बाकीचे उघडतील अशी टप्प्याटप्प्याची जोडणी येथे चालत नाही. तेथे सगळे कार्ब्युरेटर एकाच मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे नेणाऱ्या सामाईक नळीला, पुरवठा करतात. येथे प्रत्येकावर दोन सिलिंडरचा स्वतंत्र भार असतो, त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी आणि एकाच मापाने उघडले पाहिजे. बैलजोडीतला एक बैल जोर लावतो आणि दुसरा नुसता जूखाली चालतो, तसे झाले की गाडी रेटली तर जाते, पण दोन्ही बैल नासतात.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, पॉइंट, टायमिंग आणि कॉम्प्रेशन हे सर्व ठीक असावे लागते, आणि याबाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही, कारण कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारी निम्मी दुखणी प्रज्वलनाची असतात. त्यानंतर पाहायचे स्पिंडल. जुन्या एसयूंमध्ये थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याचे, म्हणजे स्पिंडलचे, टोक झिजलेले असते आणि तेथून कार्ब्युरेटर ‘एअर घेतो’. इंजिन मंद चालू ठेवून स्पिंडलच्या टोकाशी तेलाचा थेंब सोडला आणि चाल बदलली, तर आधी लेथवर नवे बुश बसवून घ्यावेत. हे न करता मिश्रण जुळवत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे आहे.

मग जेट मध्यावर आणायचे. जेटचा लॉक नट सैल करून जेट पूर्ण वर घ्यायचे, पिस्टन बोटाने उचलून सोडायचा, आणि तो तळाशी बसताना स्वच्छ ‘टक्’ असा धातूचा आवाज आला पाहिजे. आवाज दबका आला तर निडल जेटच्या कडेला घासत आहे. तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी समपातळीत हवा. तो जरासा आत-बाहेर असला तरी दोन कार्ब्युरेटर कधीही जुळत नाहीत. एसयूच्या जुन्या एच मालिकेतल्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये गळती थांबवायला बुचाच्या कॉर्कचे वॉशर असत. ते आजच्या पेट्रोलवर टिकण्याचा भरवसा नाही, म्हणून मी तेथे व्हायटॉन या कृत्रिम रबराच्या रिंगा घातल्या आणि सर्व नळ्याही इथेनॉल सहन करणाऱ्या घेतल्या.

दोघांची हवा सारखी करण्यासाठी मी रबरी नळीचा एक तुकडा वापरतो. तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे, आणि सूं असा आवाज दोन्हीकडे एकाच पट्टीत येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. माझ्या मिस्त्रींनी आयुष्यभर अॅम्बॅसिडर उघडल्या आहेत. ते नळी न घेता नुसते वाकून ऐकतात आणि म्हणतात, “साहेब, मागचा जरा कमी ओढतोय.” नळीने तपासले की ते खरे निघते. मिश्रणासाठी पिस्टनखालची पिन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायची. चाल वाढून वाढलेलीच राहिली तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), लगेच पडली तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आली तर योग्य.

एवढे सारे इंग्रजी मॅन्युअलमध्ये असते. त्यात नसते ते पुणे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला वजन कळत नाही, तो हवेच्या वेगावर चालतो, त्यामुळे मिश्रण अडीच-तीन टक्क्यांनी आपोआप रिच होते. याच्या बरोबर उलट खेचते ते पंपावरचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला ती सुमारे साडेतेरा भागच लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत वजनाने सुमारे नऊ टक्के आणि, हे मिश्रण किंचित जड असल्यामुळे, आकारमानाने सात-आठ टक्के अधिक पेट्रोल सोडले पाहिजे. उंचीने दिलेले वजा केले तरी चार-पाच टक्क्यांची तूट उरते आणि जुन्या पुस्तकातल्या निडलवर इंजिन लीन चालते. थ्रॉटल दाबला की पॉपिंग (फटफट असे बार), चढावर अडखळणे आणि वाजवीपेक्षा जास्त तापणे ही त्याची लक्षणे.

ही तूट जेट वर-खाली करणारा नट फिरवून भरता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मंद चालीला फट इतकी बारीक असते की नट थोडा फिरला तरी मिश्रण बेसुमार रिच होते, आणि वरच्या रेसला मात्र त्याचा परिणाम नगण्य राहतो. निडलच बदलली पाहिजे. जेटचे भोक ०.०९० इंचांचे आहे. ज्या ठिकाणी निडल ०.०७० इंच जाड आहे तेथे ती एका इंचाच्या फक्त हजाराव्या भागाने बारीक केली, तर फटीचे क्षेत्रफळ चार टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. आपल्याला हवे होते तेवढेच.

भोसरीतल्या एका टर्नरने हे काम केले. निडल लेथच्या कॉलेटमध्ये धरली, बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर पट्टी तेलात भिजवली, आणि निडलवर एकअष्टमांश इंचाच्या अंतराने खुणा करून प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन हलके हात मारून लगेच मायक्रोमीटर लावला. वरचा, मंद चालीचा भाग त्याने अजिबात स्पर्शला नाही. मग दुसरी निडल पहिलीशी खुणेगणिक ताडून तशीच उतरवली, कारण जोडीत फरक राहिला तर केलेले सगळे व्यर्थ. ती तुकतुकीत पितळी निडल उजेडात धरून तो म्हणाला, “काका, हिला आता कापडात गुंडाळून न्या. खिशात टाकू नका.” एवढ्या बारीक कामाचा त्याला वाटणारा मान पाहून मला मनापासून आनंद झाला.

मोजमाप मी प्लगच्या रंगावर सोडले नाही. इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग फिकटच दिसतात आणि नजर फसते. सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवून लॅम्बडा (हवा गरजेच्या किती पट आहे ते दाखवणारा आकडा) वाचतो, कारण तो आकडा कोणत्याही इंधनाला सारखाच लागू असतो. पूर्ण रेसला तो ०.८७ च्या आसपास असावा अशी माझी अपेक्षा होती आणि नव्या निडलवर तो तेथे आला. सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी सांगतो, म्हणून पुढची आणि मागची जोडी सारखी जळते की नाही, एवढ्यापुरतेच प्लग काढून शेजारी शेजारी ठेवतो.

उन्हाळ्याने आणखी दोन बदल करायला लावले. इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असल्यामुळे कार्ब्युरेटर खालून भाजतात, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल काहीसे लवकर उकळत असल्याने गरम इंजिन बंद करून पुन्हा मारताना त्रास होई. मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा घालून आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन तो थांबला. दुसरा बदल डॅशपॉटमधल्या, म्हणजे एसयूच्या पिस्टनच्या वरच्या नळीतल्या, तेलाचा. हे तेल पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे थ्रॉटल दाबताच क्षणभर मिश्रण रिच होते आणि गाडी उचल घेते. पुस्तकात सांगितलेले २० ग्रेडचे तेल एप्रिलच्या दुपारी पातळ होऊन ती उचल मरते, म्हणून मार्च ते मे मी ३० ग्रेडचे घालतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहते तेव्हा टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करून ठेवतो. इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि पाणी पुरेसे झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि चेंबरच्या तळाशी बसलेले हे द्रव जेटच्या तोंडाशी सर्वांत आधी पोहोचते. शेताचा रस्ता पुण्यापेक्षाही सुमारे दोनशे मीटर उंच आहे, तेथे मिश्रण आणखी एक टक्का रिच होते. एवढ्यासाठी मी काहीही हलवत नाही. सध्या काम चालू आहे ते अॅडव्हान्सवर, म्हणजे ठिणगी किती आधी पडावी यावर : डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा टॅक्सीच्या चालीसाठी निवडलेल्या आहेत, आणि नव्या निडलने मधल्या रेसला जी ताकद मोकळी झाली आहे, तिला थोडी आधी ठिणगी हवी आहे.