आमची वाटचाल : पत्रकातून खोडलेल्या ओळी

योगाचा वर्ग सुरू केला तेव्हा सगळ्यात आधी पत्रक छापलं. जागा भाड्याची, सतरंज्या घरच्या, विद्यार्थी चार. पत्रकं मात्र पाचशे. एका बाजूला एकवीस ओळी आणि मागच्या बाजूला आजारांची यादी. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, पाठदुखी, निद्रानाश आणि शेवटी ‘इत्यादी’. त्या ‘इत्यादी’त काय काय बसवायचं होतं ते आज मलाही सांगता येणार नाही.

आता आमच्या पत्रकात सहा ओळी उरल्या आहेत आणि मागची बाजू कोरी आहे. वाटचाल सांगा म्हटलं की शाखा किती, विद्यार्थी किती, असं ऐकायची लोकांची तयारी असते. आमच्याकडे सांगण्यासारखं आहे ते एवढंच, की बाकीच्या ओळी कशा गेल्या.

पहिली गेली ती ‘पतंजलींनी सांगितलेली आसने शिकवली जातील’ ही. दुसऱ्याच महिन्यात निवृत्त झालेले एक काका वर्गाला आले. पत्रक घडी करून खिशात ठेवलेलं. म्हणाले, “मॅडम, कोणत्या सूत्रात आहेत ही आसनं? मला वाचायची आहेत.” माझ्याकडे शिक्षक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, सूत्रं तालासुरात म्हणता येत होती, आणि उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली. रात्री पतंजलींच्या योगसूत्रांचा दुसरा भाग, साधनपाद, उघडला. आसनाबद्दल सगळी मिळून तीन सूत्रं, 46 ते 48. स्थिर आणि सुखद ते आसन, प्रयत्न सैल पडला की ते साधतं, मग थंडी-उष्णतेसारख्या द्वंद्वांचा त्रास होत नाही. संपलं. एकाही आसनाचं नाव नाही. पद्मासन, वीरासन, भद्रासन ही नावं येतात ती व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेत. त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात पंधरा आसनं आहेत, पण उभं राहून करायचं त्यातलं एकही नाही. आणि आमचा निम्मा तास उभ्याने करायच्या आसनांत जायचा!

दुसऱ्या दिवशी काकांना जसं होतं तसं सांगितलं. ते खूश झाले. मी झाले नाही. जे पाठ आहे ते कळलेलं आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, हे काही एका रात्रीत पचत नाही.

त्या धक्क्यातच सूर्यनमस्काराची ओळ तपासली. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं छापलं होतं. सूर्याची उपासना जुनी आहे, त्यात वाद नाही. पण व्यायाम म्हणून त्याचा जो प्रसार झाला त्यात मोठा वाटा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा, आणि तो विसाव्या शतकातला. हे कळल्यावर सूर्यनमस्काराचं मोल माझ्या लेखी तसूभरही कमी झालं नाही. वय वाढवून सांगायची गरज त्याला नव्हती, आम्हाला होती.

आजारांची यादी काढणं मात्र जड गेलं. माझ्याबरोबर शिकवणारी शिक्षिका म्हणाली, “ताई, यादी काढली तर लोक यायचे कशाला?” प्रश्न धंद्याचा होता आणि रास्त होता. जुनाट कंबरदुखीत नियमित सरावाने थोडाफार आराम पडतो असं अभ्यासांतून दिसतं. ताण कमी होतो हे तर विद्यार्थीच सांगतात. पण ‘मधुमेह मुळापासून’ हे वाक्य वाचून एका बाईंनी डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवल्या, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्या सावरल्या. यादी त्याच आठवड्यात गेली आणि वर्षभरात संध्याकाळचा एक वर्ग बंद पडला. चौकशीला आलेला माणूस “मग याने बरं काय होतं?” असं विचारायचा, आमचं उत्तर लांबायचं, आणि पायऱ्या उतरताना तो आमच्यापुरता हरवलेला असायचा.

याच काळात मी स्वामी कुवलयानंदांचं काम समजून घ्यायला लागले. लोणावळ्यात 1924 साली त्यांनी कैवल्यधाम ही योगसंशोधन करणारी संस्था आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि फिरवण्याच्या क्रिया करताना शरीराच्या आत दाब किती होतो हे त्यांनी उपकरणं लावून पाहिलं. परंपरेवर श्रद्धा असलेला माणूस तिलाच दाबमापक लावतो, हे मला फार धीर देऊन गेलं. शंका घेतली म्हणजे गुरूंचा अपमान होतो अशी एक भीती माझ्यात होती. ती बरीचशी तिथे सुटली.

पुढची ओळ माझ्याच शरीराने खोडली. ‘प्रत्येकाला संपूर्ण लवचिकता’ असं ते वाक्य होतं. पाय पसरून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ गुडघ्याच्या पुढे टेकायचं आणि नवा विद्यार्थी हमखास ‘वा!’ म्हणायचा. एक दिवस उजव्या बैठकीच्या हाडापाशी बारीक चमक आली. मी अजून ताणलं. ताणल्यावर घटकाभर बरं वाटायचं, रात्री बसवत नसे. असे सात महिने काढले. कुणाला बोलले नाही. योगशिक्षिकेलाच दुखतंय हे बाहेर गेलं तर वर्गाचं काय, हे एक कारण. दुसरं स्वतःशी कबूल करायला जास्त वेळ लागला: ती ‘वा!’ मला हवी होती.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. मांडीच्या मागचे स्नायू ज्या कंडरेने बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात ती दुखावली होती. खोल पुढे वाकलं की ती हाडावर दाबली जाते, म्हणजे मी रोज जिथे दुखतंय तिथेच घासत होते. त्यांनी ताणणं पूर्ण बंद केलं आणि स्नायूला हळूहळू भार द्यायला सांगितला: आधी उताणं झोपून कंबर उचलायचं सेतुबंधासन धरून ठेवायचं, मग एका पायावर, पुढे वजन घेऊन. वीस वर्षं ‘सैल करा, लांब करा’ सांगणाऱ्या बाईला ‘घट्ट करा’ हे औषध निघालं. बरं व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात मी शरीररचनेचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे काहींना पद्मासन जन्मात बसणार नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. अशा किती जणांना मी आधी ‘सराव कमी पडतोय’ म्हणून ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. आता वर्गात आसन दाखवताना मी गुडघे वाकवून दाखवते. ‘वा!’ कुणी म्हणत नाही.

त्यानंतर प्रवेशाचा अर्ज लांब झाला. शीर्षासनात डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू विचारतो. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून जोरात पुढे वाकणं टाळायचं, म्हणून तेही विचारतो. पत्रक आखूड आणि अर्ज लांब, असा आमचा उलटा कारभार.

2020 साली टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेला आणि आणखी एक गोष्ट उघडी पडली. मी हाताने शिकवत होते. खांदा धरला, कंबर वळवली, काम झालं. हात काढून घेतल्यावर शब्दच नव्हते. कसं सांगतेय ते पाहावं म्हणून एक तास ध्वनिमुद्रित करून ऐकला. शवासनात मी ‘सैल सोडा’ हे अकरा वेळा म्हटलं होतं, तेही कवायतीचा हुकूम सोडल्यासारखं. संपूर्ण तासात एक मिनिटाची सलग शांतता नव्हती. ‘शांत वातावरणात’ ही ओळ त्याच दिवशी गेली. आता शवासनात शिक्षकाने गप्प बसायचं असा नियम आहे, आणि तो पाळणं शीर्षासनापेक्षा अवघड आहे. हात लावायच्या आधी विचारायचं, हेही तेव्हापासून.

संस्थेचं कामकाज बाकी सरळच चालतं. 21 जूनच्या, म्हणजे योग दिनाच्या, आसपास चौकशा वाढतात, ऑगस्टपर्यंत नेहमीचेच चेहरे उरतात. आम्ही आता तीन शिक्षक आहोत. दर गुरुवारी दुपारी दार बंद करून दोन तास बसतो: एक सूत्र, एक सांधा आणि एकमेकांच्या तासाला बसून लिहिलेले प्रश्न. तिथे शाबासकी द्यायची नाही, फक्त प्रश्न. त्या दोन तासांत एक वर्ग बसला असता, हे हिशेब लिहिणारी व्यक्ती दर मार्चला आठवण करून देते.

मागच्या गुरुवारी निघालं ते ‘स्वाध्याय’. पत्रकात आहे, ‘स्वाध्याय म्हणजे स्वतःचा अभ्यास’. ही माझी सगळ्यात लाडकी ओळ. पण व्यासभाष्य म्हणतं, स्वाध्याय म्हणजे प्रणवादी, म्हणजे ॐ वगैरे, मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्राचं अध्ययन. स्वतःकडे पाहणं हा अर्थ आपण त्यात घालतो. आमच्यातली सगळ्यात नवी शिक्षिका म्हणाली, “ताई, मला तर स्वाध्याय म्हटलं की धड्याखालचे प्रश्नच आठवतात.” सगळे हसलो. ओळ काढावी की ठेवावी यावर एकमत झालं नाही. सध्या तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे आणि छापखान्याला महिनाभर थांबायला सांगितलं आहे.