चारशे किलोंची झडप आणि अडीच इंचांचं टोक

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पाऊस तोंडावर. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या सरदारी वाड्याच्या महाद्वाराची उजवी झडप फरशीला टेकली होती. चार माणसं लागली तरी हात-दीड हातच सरकायची. मालकांचा निरोप होता, "येताना दणकट बिजागऱ्या घेऊन या." पण अशा दाराला बिजागऱ्या नसतातच. झडपेच्या कडेच्या उभ्या लाकडाला वर आणि खाली गोल टोक काढलेलं असतं. वरचं टोक तुळईच्या भोकात आणि खालचं जमिनीतल्या दगडाच्या खोबणीत फिरतं. सगळा भार त्या खालच्या टोकावर असतो.

भार किती, ते आधी काढलं. झडप 5 फूट रुंद, 12 फूट उंच, फळी 3 इंच जाड, म्हणजे 15 घनफूट सागवान. घनफुटाला 18 किलो धरले तर 270 किलो. मागच्या पाच आडव्या पट्ट्यांचे 75 आणि लोखंडाचे पन्नासेक मिळून चारशेच्या आसपास.

दाराची घडण पेशवाईतल्या इतर वाड्यांसारखीच. बाहेर घडीव दगडाची कमान, तिच्या मागे चौकोनी झडपा, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, वर विटा-लाकडाचा नगारखाना. झडपा कमानीहून मोठ्या असतात आणि आतून दगडाला टेकून बंद होतात. म्हणून बाहेरून ढकलायला फट मिळत नाही, पहार घालायला कड सापडत नाही. याच घडणीचं मोठं रूप म्हणजे पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. त्या वाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 ला घातला आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला झाली. 1828 च्या आगीत आतले लाकडी मजले गेले, दरवाजा राहिला. त्याच्या प्रत्येक झडपेवर 72 अणकुचीदार खिळे आहेत, साधारण हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून.

आमच्या दारावरचे खिळे एवढे लांब नव्हते, पण काम दुहेरी. खिळ्याचा दांडा फळीतून आणि मागच्या पट्टीतून आरपार जातो आणि मागे ठोकून वळवलेला असतो. म्हणजे झडप बांधून ठेवतात ते खिळेच. "खिळे काढून घासू, नीट पॉलिश होईल," अशी सूचना आली होती. ती ऐकली असती तर फळ्या सुट्या होऊन हातात आल्या असत्या.

सकाळी टेकू लावण्याआधी भिंत ठोकून पाहिली. उजवीकडे कमरेच्या उंचीवर सिमेंटचा गिलावा पोकळ वाजला. तिथे अडसराचं, म्हणजे बंद दारामागे आडव्या सरकवायच्या जाड दांड्याचं, भिंतीतलं घर असणार हा अंदाज होता, ते रिकामं असेल असंही वाटलं होतं. दोन विटा काढल्या, सुताराने आत हात घातला आणि म्हणाला, "कडी आहे." म्हणजे अडसर ओढायची कडी. तासभर माती उकरल्यावर सहा बाय पाच इंचांचा सागाचा अडसर सरकत बाहेर आला. मूळचा 11 फूट, पण आतल्या टोकाचे तीन फूट वाळवीने खाल्लेले. उरलेला टणक, आणि झडपेला घासून एक बाजू आरशासारखी गुळगुळीत.

या अडसराने मोजमापाचं काम सोपं केलं. भिंतीतली घरं हललेली नव्हती. झडपेच्या मधल्या पट्टीवर अडसराच्या घर्षणाची खाच होती. अडसर घरातून समोर धरला, तर ती खाच पावणेदोन इंच खाली. झडप नेमकी तेवढी बसली होती.

मग दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू, त्यावर पाचरी, आणि कडेच्या लाकडाखाली 5 टनी जॅक. दर पाव इंचाला थांबायचं आणि पाचर ठोकायची, म्हणजे जॅक निसटला तरी झडप पाव इंचापेक्षा जास्त पडत नाही. पाऊण इंचावर झडप अडली. वर तुळई करकरली आणि धूळ पडली. जॅक तिथेच सोडला. अशा वेळी आणखी एक झटका मारायचा मोह होतो. त्या झटक्यानेच तुळया तडकतात.

वरच्या टोकावर दोन-तीन इंच मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण झडप उचलून काढायची तर तेवढीच वाट. नगारखान्यात जाऊन पाहिलं, तर कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या तक्तपोशीवर, काँक्रीट ओतलेलं, आणि त्याचा रबडा भोकात उतरून दगड झालेला. फूटभर चौरस तुकडा छिन्नीने फोडून भोक मोकळं करायला दुपारचे तीन वाजले. त्यानंतर झडप निमूट उचलली गेली.

खालचं टोक अडीच इंच लांब असायला हवं होतं. हातात आला कुजका भुसा आणि टोकावर चढवलेल्या लोखंडी टोपीचे गंजके पापुद्रे. खोबणीत काळा चिखल. तो पुसल्यावर दिसलं की खोबणीपासून बाहेरच्या दिशेने करंगळीएवढी नाळ कोरलेली आहे, पाणी निघून जाण्यासाठी. तिचं तोंड रस्त्याच्या तीन थरांखाली गाडलेलं. बाहेरची जमीन जुन्या फरशीपेक्षा 11 इंच वर आलेली, त्यामुळे पावसाचं पाणी उलटं आत येऊन खोबणीत मुरत होतं.

पुढच्या चार दिवसांत कुजलेला भाग कापून, वाड्यातल्याच जुन्या तुळईचा तुकडा वीस इंचांच्या तिरक्या सांध्याने जोडला. नवा साग नको, तो आकसतो आणि सांधा उघडतो. लोहाराने नवी टोपी घडवली, खोबणीत जाड लोखंडी चकती बसवली. कमानीच्या पायथ्याचं सिमेंट काढून तिथे चुना-सुरखी (चुना आणि विटांची पूड) भरली. नाळेसमोर वीतभर रुंद चर खोदून तो गटाराला जोडला.

आता झडप एका माणसाने फिरते. खाच आणि अडसर एका पातळीत आहेत. अडसराला तीन फूट तुकडा जोडायचा आहे, तोवर तो देवडीत भिंतीला टेकवून ठेवलाय, जमिनीपासून चार विटा वर.