आमची वाटचाल : दुकानाच्या पाटीपासून गोदाकाठच्या भिंतीपर्यंत

आमची फर्म मुळात बोर्ड रंगवणाऱ्यांची. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, खताच्या आणि बियाण्याच्या जाहिराती. ही कामं फ्लेक्सने नेली. कारागीर मात्र हाताशी होते, आणि जॉगिंग ट्रॅक, नदीकाठचे रस्ते, पुलांखालच्या भिंती रंगवून घेणारे लोक नाशकात वाढत होते. आज आमच्या कोटेशनवर ‘चित्र काढून देणे’ असं नसतं, ‘चित्र सांभाळून देणे’ असतं. एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीवर खर्च होतो आणि दहा टक्के पुढच्या डागडुजीसाठी राखून ठेवतो. चौरस फुटाच्या दरावर सगळ्यात स्वस्त कोण, एवढंच बघणाऱ्या कामांना आम्ही आता कोटेशनच देत नाही.

नदीकाठच्या रिटेनिंग वॉलच्या, म्हणजे काठ धरून ठेवणाऱ्या भिंतीच्या मागे माती असते आणि मातीत पाणी. ते वीप होलमधून, म्हणजे पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेल्या भोकांतून, निघालं नाही तर गिलाव्यातून येतं, येताना क्षार आणतं, आणि पांढरा लोणा रंगाला आतून ढकलतो. म्हणून आधी वीप होल सळईने मोकळे करायचे. मग दीड बाय दीड फुटाचं जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवायचं आणि किमान सोळा तास ठेवायचं. आतून दव धरलं तर प्रायमरची, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराची, घाई नको. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने काढायचा. धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीतच जातात. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यायचे. पुट्टी अजिबात नको. ओल धरली की तिचेच पोपडे आधी सुटतात. त्यानंतर अल्कली सोसणारा प्रायमर आणि बाहेरच्या अॅक्रिलिकचे दोन हात. कायम दमट भिंतीला खनिज सिलिकेट रंग बरा, पण त्याला जुना रंग पूर्ण खरडलेली भिंत लागते.

‘वरून चमक द्या’ हा आग्रह हमखास होतो. वाफ बाहेर जाऊ न देणारं पॉलियुरेथेनचं चकचकीत कोटिंग अशा भिंतीवर मारलं की फोड येतात आणि चित्र पापुद्र्यासकट निघतं. चमक हवीच असेल तर मागे माती नसलेल्या, मोकळ्या भिंतीवर.

नाशिकची थंडी हाही कामाचाच भाग आहे. अॅक्रिलिकला नीट थर धरायला भिंत दहा अंशांच्या वर हवी, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन भिंतीवर आल्याशिवाय डबा उघडत नाही. मेमध्ये उलटं, पश्चिमेची तापलेली भिंत रंग पसरण्याआधीच सुकवते, तिथे सकाळीच आटपायचं. गेरू, पिवळी काव, काळा, पांढरा हे रंग उन्हात टिकतात. राणी आणि झगझगीत पिवळा आधी उडतात. (ग्राहकाला नेमके हेच आवडतात.) वारली शैली गेरू आणि पांढऱ्यावरच चालते, नदीकाठी ती टिकते या कारणानेही. पण मग ती काढायला पेठ-सुरगाण्याकडचे वारली कलाकार बोलवावेत, त्यांना पूर्ण दर द्यावा, त्यांचं नाव भिंतीवर घालावं. त्रिकोणी माणसं ओढली की वारली झाली, हे आम्हाला मान्य नाही.

पुराचा हिशेब वेगळा. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत बांधकाम चालत नाही, आणि आम्ही तिथे लोंबतं काहीही लावत नाही. रामकुंडावर नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बुडाला होता. अशा पाण्यात पाणवेली आणि फांद्या भिंतीवर बोल्टने लावलेल्या पॅनेलला अडकतात, मागून पाण्याचा रेटा येतो आणि बोल्ट तुटण्याआधी पॅनेल वाकतं. तिथे फक्त रंग, नाहीतर भिंतीत खोबणी करून बसवलेला काळा पाषाण. स्टीलच्या पाट्या तर पूर नसतानाही चोरीला जाऊन भंगारात विकल्या जातात.

लोकांना सामील करायचं म्हणजे हॉलमध्ये बैठक घेऊन फोटो काढणं नव्हे. सकाळी सहाला ट्रॅकवर फक्त चालणारे भेटतात. नर्सरीवाले, भेळवाले, रिक्षावाले, मागच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी. म्हणून दोन्ही वेळा जायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे: इथलं काय झाकू नये? लोक थांबतात कुठे? भिंत खराब झाली तर फोन कोण करेल? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत काम धरत नाही. कच्ची चित्रं काळ्या रेषेतच दाखवायची, कारण रंगीत ठेवली की मत रंगाला पडतं.

रंगायच्या दिवशी निळीचा दोरा मारून एक फुटाच्या चौकटी पाडतो, प्रत्येक आकारात रंगाचा नंबर लिहितो. तीन-चार फुटांमागे एक माणूस, दोन तासांची पाळी, मुलांना जमिनीपासून चार फुटांपर्यंतच. रंग अर्ध्या भरलेल्या कपात द्यायचा. सांडला तरी थोडा सांडतो. रेषा शेवटी आमचे कारागीर ओढतात. ब्रश तीन बादल्यांत धुवायचे, गाळ सुकवून कचऱ्यात द्यायचा. गोदावरीत एक थेंबही नाही, हे आधीच बजावावं लागतं.

थुंकू नये म्हणून देवांची चित्रं काढा, ही मागणी प्रत्येक ठिकाणी येते. आम्ही नाही म्हणतो. महिन्याभरात तिथे हळद-कुंकू, उदबत्ती, मग छोटा ओटा, आणि पुढे त्या भिंतीला दुरुस्तीसाठीही हात लावता येत नाही. थुंकण्यावर उपाय म्हणजे खालचे दोन फूट गडद गेरू आणि कोपऱ्यात दिवा.

करारात चार गोष्टी हव्यातच. नगरसेवकाचं नाव वेगळ्या, काढता येणाऱ्या पाटीवर, म्हणजे आचारसंहितेत चित्रावर कागद चिकटवावा लागत नाही. दुसरं, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार चित्राची मोडतोड करून कलाकाराची अब्रू जात असेल तर त्याला हरकत घेता येते. म्हणून भिंत पाडायची वा बदलायची झाल्यास आधी कळवायचं, हे लिहून घ्यायचं. तिसरं, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा बहुधा मार्चअखेरीच्या घाईत येतो. प्रकल्प ‘ऑनगोइंग’ (वर्षाच्या पुढेही चालू राहणारा) म्हणून नोंदवला तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येते, आणि डागडुजी त्यातूनच निघते. चौथं, बांधकाम विभागाकडून त्या पट्ट्यातल्या पुढच्या खोदाईची माहिती. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी कामं निघालेली असताना याला पर्याय नाही. पाइपलाइन जाणारच असेल, तर पूररेषेबाहेर आम्ही उचलता येणारी सिमेंट शीटची पॅनेल देतो.

काम झाल्यावर प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर आणि शेड क्रमांकाचं कार्ड फोन करणाऱ्या माणसाकडे राहतं. पहिली पाहणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, सुरुवात वीप होलपासून.