लीडरशिप फीट घेतलं आणि २३ फॉलोअर्स सांभाळले, माझा अनुभव

मी आमच्या ग्रुपमध्ये क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारी पुजारीण, खेळते. गेम डंजन्स अँड ड्रॅगन्सच, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन डाय टाकत गोष्ट खेळायची तो, पण ३.५ एडिशन, २००३ ची, आम्ही पुण्यात अजून तीच धरून बसलोय आणि सोडायचा विचारही नाही. लिहायचं कारण म्हणजे लीडरशिप हे फीट (फीट म्हणजे पात्राला मिळणारी खास क्षमता, आणि हे घेतलं की हाताखाली फॉलोअर्स, म्हणजे अनुयायी, येतात) घ्यायच्या आधी मला कोणी हे सगळं सांगितलं असतं तर माझे कित्येक शनिवार वाचले असते, आणि तो राग अजून पूर्ण गेलेला नाहीये.

फीट सहाव्या लेव्हलला मिळतं. किती माणसं मिळणार हे लीडरशिप स्कोअरवर ठरतं. स्कोअर म्हणजे तुमची लेव्हल अधिक करिश्मा मॉडिफायर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या आकड्यावरून मिळणारी भर), त्यात न्यायाने आणि उदारपणे वागत असाल तर १, मोठं नाव असेल तर २, आणि फक्त फॉलोअर्सच्या हिशोबात स्वतःचा गड-ठिकाणा असेल तर अजून २. माझा करिश्मा १४, त्याचा मॉडिफायर २, म्हणजे सहाव्या लेव्हलला ६ आणि २ आणि उदारपणाचा १, एकूण ९. आणि फॉलोअर्सचा तक्ता सुरू होतो १० पासून! म्हणजे फीट घेतलं आणि हातात एकही माणूस नाही. कोहॉर्ट, म्हणजे एक मुख्य साथीदार, मिळाला असता, पण टेबलवर आधीच पाच प्लेअर आहेत म्हणून डीएमने (गेम चालवणाऱ्याने) तो नको सांगितलं, ते मला मान्य होतं. सातव्याला ५ आले. आठव्याला आम्ही एक जुनी जकातीची गढी जिंकली, आजूबाजूच्या गावांत नाव झालं, स्कोअर एकदम १५ वर गेला. १५ ला मिळतात पहिल्या लेव्हलचे २०, दुसऱ्याचे २ आणि तिसऱ्याचा १. मला इतका आनंद झाला होता की मी त्याच रात्री सगळ्यांची नावं काढली. शिवकाळातल्या पायदळात पाइकांवर नाईक आणि नाईकांवर हवालदार असायचे, तसंच केलं, दुसऱ्या लेव्हलचे दोघे नाईक, तिसऱ्या लेव्हलचा हवालदार, दहा-दहा जणांच्या दोन तुकड्या.

आणि इथे अडकलं.

डीएम म्हणाला प्रत्येकाचं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची सगळी माहिती भरलेला कागद, लागेल. पूर्ण. २३ शीट्स. ॲबिलिटी स्कोअर, स्किल पॉइंट्स, फीट्स, सामान, वजन, सगळं. मी म्हटलं अरे पहिल्या लेव्हलचा वॉरियर आहे तो, चार हिट पॉइंट्स (मार सोसायची ताकद) आहेत, त्याचा पोहण्याचा मॉडिफायर तू कधी विचारणार आहेस? तर म्हणे, "वेळ आली तर? मग तू तिथल्या तिथे हवा तो आकडा सांगशील." माझ्यावर अविश्वास आहे असं नाही म्हणाला, पण मला ते लागलं. मी ऑफिसमधून येऊन रात्री शीट्स भरत बसायचे, आणि पुढच्या वेळी तो एकेक वाचून चुका काढायचा, याला माणूस म्हणून एक फीट जास्त मिळतं ते लिहिलं नाहीस, याच्या क्रॉसबोचं वजन धरलं नाहीस. तोपर्यंत माझी माणसं गढीतच बसून, गेममध्ये त्यांना आणायला परवानगी नाही. नियमांच्या पुस्तकात २३ शीट्स भरा असं कुठेही नाहीये हो. उलट फॉलोअर्स लढाईत फारसे कामाचे नसतात आणि त्यांना एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळत नाही हे स्पष्ट लिहिलंय, म्हणजे ज्याचं शीट कधी बदलणारच नाही त्याचं शीट कशाला?

कशीबशी शीट्स पास झाली आणि पहिली लढाई आली, तर ती संध्याकाळ माझ्या कायम लक्षात राहणार. २० जणांचा वेगवेगळा इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी हे ठरवणारा आकडा). मग प्रत्येकाचा बाण वेगळा, रेंज ८० फुटांच्या पुढे गेली म्हणून उणे २, आपला माणूस शत्रूशी भिडलेला म्हणून उणे ४, मध्ये कोणी उभं आहे म्हणून शत्रूच्या एसीला (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) अधिक ४, आणि हे २० वेळा, आणि शेवटी डायवर ७ पडला, चुकला, पुढचा. आमचा विझर्ड (जादूगार) त्याच्या टर्नची वाट बघत चहा करून आला, पिऊन झाला, तरी माझाच टर्न चालू. रात्री अकरापर्यंत दोन राउंडसुद्धा पूर्ण झाले नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नियमाप्रमाणेच चालले होते, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डीएमला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की हे असं चालणार नाही, आपण बसून ठरवू. जे ठरलं ते असं. एका तुकडीचा एकच इनिशिएटिव्ह, नाइकाचा. सगळ्यांचे हिट पॉइंट्स ४, अटॅक बोनस एकच. बाण एकेकाने मारायचाच नाही, हिशोब करायचा: लागायला डायवर १६ हवे असतील तर २० पैकी ५ आकडे चालतात, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणजे दहा बाणांत अडीच, एका राउंडला २ आणि पुढच्याला ३ धरायचे. फक्त २० लाच लागणार असेल तर दोन राउंडला मिळून एक. डॅमेज सरळ ४. माझा अख्खा टर्न आता अर्ध्या मिनिटात होतो, हे मी अभिमानाने सांगते. आणि २३ शीट्सच्या जागी चार कार्डं, दोन तुकड्यांची दोन, हवालदाराचं एक, आणि एक नुसतं नावं आणि कसबांचं.

हे कसबांचं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, खरं तर वर आधीच सांगायला हवं होतं. सगळे वॉरियर घेऊ नका! मी नंतर डीएमशी बोलून निम्मे बदलून घेतले: लोहार, सुतार, चांभार, एक न्हावी जो गावोगावच्या बातम्या आणतो, एक वैदूबाई. एड अनदर, म्हणजे दुसऱ्याला मदत करायच्या, नियमाने त्यांनी १० चा चेक पास केला की मुख्य कारागिराला अधिक २ मिळतात, चार जण हाताखाली असले की गढीचं दुरुस्तीचं काम सपाट्याने होतं. रात्री पहारा तेच देतात त्यामुळे विझर्डला त्याची ८ तासांची झोप सलग मिळते, तेव्हापासून तो माझ्या फॉलोअर्सबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही.

आता मरणाचं. शत्रूकडे सातव्या लेव्हलचा विझर्ड होता, त्याने फायरबॉल टाकला, २० फूट त्रिज्या, ७ डाय, सरासरी २४-२५ डॅमेज. सेव्ह (बचावाचा डाय) जमला तरी १२, म्हणजे ४ हिट पॉइंट्सवाला थेट उणे ८, आणि उणे १० ला माणूस मरतो. पाच जण त्यात सापडले, दोघांना मी धावत जाऊन वाचवलं, तिघे गेले. मला वाईट वाटलंच, नावं मी दिली होती. पण वर डीएम म्हणाला, फॉलोअर्सच्या मृत्यूला तू कारण, स्कोअर उणे १. फायरबॉल मी टाकला का? आणि १५ वरून १४ म्हणजे नुसता एक कमी नाही, २० चे १५ होतात, २ चा १, आणि तिसऱ्या लेव्हलचा एकही राहत नाही. म्हणजे हवालदारच सोडून गेला. यावर आम्ही खूप भांडलो. शेवटी लिहून ठेवलं: माझ्या हुकमाने लढाईत नेले आणि मेले तर उणे १, घरी बसलेल्यांवर कोणी चालून आलं तर नाही. त्या तिघांचा उणे १ मात्र तसाच राहिला, मला तो आजही पटलेला नाही. तुम्ही हे फीट घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

पगाराचं राहिलं. फॉलोअर्सना पगार द्या असं फीटमध्ये नाही, पण मी साध्या माणसाला दिवसाला १ आणि कसबी माणसाला ३ चांदीची नाणी देते, भाड्याच्या माणसांचा पुस्तकातला तोच दर आहे. उदारपणाचा अधिक १ टिकवायचा असेल तर एवढं कराच, डीएमला बोलायला जागा राहत नाही.

मागच्या महिन्यात मी नवव्या लेव्हलला गेले, उणे १ धरून स्कोअर परत १५, तिसऱ्या लेव्हलची जागा परत उघडली. नाइकाला बढती देता येत नाही कारण फॉलोअर्सना एक्सपीच नाही, आणि डीएम म्हणाला नवा कोणीतरी येईल. मी म्हटलं नवा नको, माझा हवालदारच परत हवा, मी त्या तिघांच्या घरी जाऊन पैसे पोचवलेत, ते त्याच्या कानावर गेलं असणार. डीएमने थोडा विचार केला आणि हो म्हणाला.